पहिली कात्री कुणावर?

(पुण्यात तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला, 'मर्यादित उत्पन्नात संसार, घर आणि शिक्षण'. फोनवर मोठ्या बहिणीला सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "यात भाषण कसलं करायचं? हे तर आपण रोज करतो." तिचं खरंच आहे. मी कॉलेजात तीस वर्षं कॉमर्स शिकवलं, ताळेबंद शिकवला, नफा-तोटा पत्रक शिकवलं. पण घर कसं चालतं हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, ते आपानं शिकवलं. म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करते.

माझा जन्म इचलकरंजीचा. अब्बा मागावर कामाला होते. यंत्रमागाला आमच्याकडे नुसतं 'माग' म्हणतात. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. अम्मी कांड्या भरायची. दोन खोल्या आणि माणसं आठ, त्यात दादी आली. अब्बांची रातपाळी असली की ते दिवसा झोपायचे आणि आम्ही भावंडं कुजबुजत पाढे पाठ करायचो. मला अजून मोठ्यानं वाचता येत नाही, तेवढी ती सवय अंगात मुरली आहे.

घरची हिशेबाची वही आपाकडे असायची. घरात बोलणं दखनीत, पण वही मराठीत, कारण शाळा मराठी. ज्वारी, राकेल, दादीची तंबाखू, भावाचं पेन, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. गणितात ती आम्हा सगळ्यांपेक्षा हुशार. ती दहावी पास झाली त्याच वर्षी भावाला आयटीआयला प्रवेश मिळाला. ती वही मी जपून ठेवली आहे. त्या जून महिन्याच्या पानावर एक नोंद आहे, 'अकरावी फॉर्म'. त्याखाली 'आयटीआय फी, ड्रेस, बूट'. त्याखाली माझ्या वह्या. पुढच्या पानावर अकरावीची फी कुठेच नाही. त्याच्या पुढच्या पानावरही नाही.

मी तिला गेल्या वर्षी विचारलं, "आपा, तुला शिकू नको असं कोण म्हणालं होतं?" ती म्हणाली, "कुणीच नाही. वही माझ्याकडेच होती ना. बसत नव्हतं." अब्बा मात्र शेवटपर्यंत लोकांना सांगायचे, मोठीला शिक्षणाची आवड नव्हती. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटायचं, कारण ती कधी काही बोललीच नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

मला आज एवढंच सांगायचं आहे. पैसा कमी पडतो तेव्हा घरात कात्री लागते. पण ती कुणावर लावायची हे आपल्या बहुतेक घरांत कुणी ठरवत नाही. ती आपोआप लागते, आणि जो बोलत नाही त्याच्यावर लागते. बहुतेक वेळा ती मुलगी असते, नाहीतर नवी सून. कधीकधी घरातला थोरला मुलगाही असतो, जो बारावीनंतर गुपचूप गॅरेजला जायला लागतो. काटकसर कशी करायची हे तुम्हाला माझ्याकडून शिकायची गरज नाही. आपल्या आया त्यात पीएचडी आहेत. शिकायचं आहे ते हे, की कात्री लावण्याआधी वही सगळ्यांसमोर उघडायची.

आता आजच्या काळातलं उदाहरण. माझी एक विद्यार्थिनी, लग्न होऊन कोंढव्यात राहते. नवरा एसी दुरुस्तीचं काम करतो, सासू बरोबर, दोन मुलं. ही बी.ए.चं पहिलं वर्ष करून थांबलेली. दोघं एकदा घरी आले. नवरा म्हणाला, "मॅडम, हिला शिकवायचं आहे मला, पण पैसे उरत नाहीत." मी म्हटलं, सांगा हिशेब. त्यानं बोटांवर सांगितला. त्याचे महिन्याला १९,००० आणि हिच्या फॉल-पिकोचे साधारण ३,५००. एकूण २२,५००. घरभाडं ८,५००. किराणा आणि गॅस ६,५००. दूध १,५००. लाइट ९००. पेट्रोल २,०००. आईची औषधं १,४००. मुलांची शाळेची रिक्षा १,२००. झाले २२,०००. म्हणजे ५०० रुपये उरायला हवेत. प्रत्यक्षात किराणा दुकानात उधारी वाढत होती.

मी त्यांना एकच काम दिलं. एक महिना सगळं लिहा, दहा रुपयांचा चहासुद्धा, आणि दोघांनी लिहा. महिन्यानं वही आणली. तीन मोबाइलचे रिचार्ज ९००. नव्या फोनचा हप्ता १,७००. बाहेरचा चहा-नाश्ता १,३००. आणि लग्न, अकिका, साखरपुडा यांचे आहेर आणि जाणं-येणं मिळून १,५००. हे ५,४०० रुपये त्याच्या बोटांवरच्या हिशेबात नव्हतेच. म्हणजे महिन्याचा खरा खर्च २७,४०० आणि तूट ४,९००.

आता इथं कुणी म्हणेल, बघा, आजकालच्या पोरांना फोनची हौस. मी असं म्हणणार नाही. त्याला कामं फोनवरच मिळतात. दिवसभर गच्च्यांवर उन्हात चढणाऱ्या माणसानं चहा पिऊ नये असं सांगायची माझी हिंमत नाही. मुद्दा दुसरा आहे. तिच्या मुक्त विद्यापीठातल्या पुढच्या वर्षाची फी त्या फोनच्या तीन हप्त्यांत बसत होती. फोन घेताना घरात 'पैसे नाहीत' असं कुणी म्हणालं नव्हतं. फीच्या वेळी ते वाक्य आलं. दोन्ही वेळा खिसा तोच होता.

तो गप्प बसला. मग सासूबाई, ज्या तोवर काही बोलल्या नव्हत्या, म्हणाल्या, "इत्ता पढको क्या करनेकी, असं मी म्हणले होते. पण हिशेब असा असंल तर माझं म्हणणं चुकलं." मला त्या बाईंचं फार कौतुक वाटलं. आकडे दिसले की माणसं बदलतात, नेहमी नाही, पण बदलतात. उपदेशानं मी कुणाला बदललेलं पाहिलेलं नाही.

पुढे काय झालं? आहेर निम्म्यावर आणला आणि लांबच्या नातेवाइकांकडे दोघांऐवजी एकानंच जायचं ठरवलं. फोनचा हप्ता संपल्यावर तेवढेच पैसे भिशीत टाकायला लागले आणि ती भिशी फीच्या महिन्यात उचलायची असं आधीच बोलून ठेवलं. फी भरली गेली. पण मग कळलं की फी ही सोपी गोष्ट होती. अवघड होता वेळ. सकाळी डबे, दुपारी मशीन, संध्याकाळी मुलं. पहिल्या परीक्षेत ती एका विषयात नापास झाली. तेव्हा सासूबाईंनी रात्री नऊ ते अकरा मुलं स्वतःकडे घेतली आणि नवऱ्यानं भांडी. होय, भांडी! वहीत एक रकाना वेळेचाही ठेवा असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. कुणाचे किती तास कुठे जातात ते लिहा. घरातल्या बाईच्या शिक्षणाची खरी फी तासांत असते.

आता घराकडे येते. घर म्हणजे छप्पर, एवढाच विचार आपण करतो. पण तुम्ही कुठे राहता यावर तुम्ही किती शिकता हे बरंचसं ठरतं. राजर्षी शाहू महाराजांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. गरिबाच्या मुलाची अडचण नुसती फी नसते. शहरात राहायचं कुठे आणि जेवायचं काय, ही असते. म्हणून त्यांनी शाळांबरोबर वसतिगृहांवर जोर दिला. कोल्हापूरचं मुस्लीम बोर्डिंग १९०६ सालचं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये सुरू केलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहिली आणि 'कमवा आणि शिका' ही त्यांचीच वाट. आज कितीतरी कॉलेजांत आणि विद्यापीठांत या नावाची योजना आहे आणि आपली मुलं तिथं फारशी दिसत नाहीत. लाज वाटते का? लायब्ररीत तीन तास पुस्तकं लावण्यात कसली लाज? शहरात शिकायला निघालेल्यांनी आधी वसतिगृहांचे अर्ज भरा, खोली शोधणं नंतर. माझ्या भावाच्या काही मित्रांनी वसतिगृहाचा अर्ज वेळेत केला नाही आणि वर्षभर चौघांनी एका खोलीत स्टोव्हच्या वासात अभ्यास केला.

खोली शोधण्याबद्दल एक बोलायलाच हवं. मी पुण्यात पहिल्यांदा घर शोधत होते तेव्हा फोनवर माझं मराठी ऐकून मालकीणबाई खूश. "या ना, संध्याकाळी बघायला या." मग नाव विचारलं. नाव सांगितल्यावर, "अहो, आत्ताच यांनी कुणाला तरी शब्द दिलाय म्हणे." हा अनुभव इथल्या किती जणांना आहे? हात वर करू नका, मला माहीत आहे. या नकाराला पैशातही किंमत असते, ती आपण मोजत नाही. जिथं घर मिळतं तिथंच राहावं लागतं आणि तिथं मागणी जास्त म्हणून भाडं चढं. कॉलेज लांब, म्हणून पेट्रोल नाहीतर दोन बस. रोजचे दोन तास रस्त्यावर गेले. म्हणजे भेदभावाचं बिलही शेवटी आपल्याच वहीत येतं, आणि घरच्यांना वाटतं पोरगं उधळं आहे. मुलांनो, हे घरात सांगा. आणि लढायचं तिथं लढा, पण तोवर भाडं ठरवताना नुसतं भाडं बघू नका. भाडं अधिक प्रवास अशी बेरीज करा. लांबची स्वस्त खोली पुष्कळदा महाग पडते.

स्वस्ताईवरून आणखी एक. डोक्यावर हक्काचं छप्पर हवं म्हणून आपली माणसं कागद न बघता फ्लॅट घेतात, भाड्यानं राहतात. मुंब्र्याजवळ शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ ला बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली. ७४ माणसं गेली. काम पूर्ण व्हायच्या आधीच त्यात कुटुंबं राहायला आलेली होती, कारण तिथं परवडत होतं. बांधकामाची परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र हे दोन कागद मागा. मालक चिडला तर समजून घ्या की कागद नाहीत.

आणि भाडेकरार नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. हे आपल्यापैकी शंभरातल्या नव्वदांना माहीत नसतं, हा माझा अंदाज. पाणी, वीज तोडून भाडेकरूला बाहेर काढायलाही हा कायदा मनाई करतो. हेवी डिपॉझिटवर घर घेणाऱ्यांनी तर रोख रक्कम हातात देऊच नका. बँकेतून द्या आणि आकडा करारात लिहून घ्या. नोंदवलेला करार पत्त्याचा पुरावा म्हणूनही चालतो. मुलाच्या शाळेच्या प्रवेशाला तो लागतो, तेव्हा धावपळ करून मिळत नाही.

खोलीत अभ्यासाला जागा नसेल तर? आमच्याकडे नव्हतीच. आपाच्या सांगण्यावरून रात्री आठ ते दहा घरात रेडिओ बंद असायचा, एवढंच. आज टीव्ही आणि रील्स बंद ठेवा म्हटलं तर जास्त अवघड आहे, मान्य. पण आपल्या वस्त्यांत मशिदीला लागून हॉल असतात, जमातखाने असतात. दोन नमाजांच्या मधे ते तासन्‌तास रिकामे असतात. तिथं चार टेबलं, दोन पंखे आणि शिस्तीचा एक माणूस ठेवला की अभ्यासिका होते. मुलींसाठीही वेळ ठेवला पाहिजे, नाहीतर पुन्हा तेच. तुमच्या मोहल्ल्यातल्या ट्रस्टींना जाऊन विचारा. पहिल्यांदा नाही म्हणतील. दुसऱ्यांदा वडीलधाऱ्यांना घेऊन जा.

आता कागदांबद्दल थोडं जास्त बोलते, कारण माझा अनुभव असा की एका योग्य दाखल्यानं जेवढे पैसे वाचतात तेवढे वर्षभर चहा सोडून वाचत नाहीत.

अल्पसंख्याकांच्या शिष्यवृत्त्यांवर पूर्वी आपण बराच भरवसा ठेवायचो. २०२२ मध्ये केंद्रानं पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती थांबवली, संशोधनासाठीची मौलाना आझाद फेलोशिपही बंद केली. त्यावर राग व्यक्त करायलाच हवा. पण राग व्यक्त करून झाल्यावर आपल्या हातात काय राहिलं तेही बघायला हवं. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसी यादीत आहेत. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी, मणियार आणि आणखी पुष्कळ. यासाठी नव्वदच्या दशकात जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लीम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमारसारखा माणूस तिच्यासोबत सभांना फिरला. एवढं झाल्यावरही घरात दाखला नसतो. "आपल्यात कुठं जात असते?" असं मोठी माणसं म्हणतात. भावना चांगली आहे, पण मुलीची अर्धी फी त्या भावनेत जाते.

ओबीसी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. वडिलांचा, आजोबांचा, चुलत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. आणि तिथं घोळ असा, की जुन्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात मास्तरांनी नुसतं 'मुसलमान' लिहून ठेवलेलं असतं. म्हणून एकाच दाखल्यावर थांबायचं नाही. वडिलांकडच्या सगळ्या जुन्या नातेवाइकांच्या शाळा शोधायच्या, गावी जायचं, जुने जमिनीचे, जन्म-मृत्यूचे उतारे बघायचे. हे काम दहावीच्या सुट्टीत करायचं. बारावीच्या निकालानंतर तहसीलला जी रांग लागते तिथं उभं राहून काही होत नाही. ज्यांची बिरादरी यादीत नाही, म्हणजे सय्यद, पठाण वगैरे, त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला बघायचा. जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणे राज्यात ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारी फेरीतून हवा. विचार करा. एखाद्या घरात आत्ता, या क्षणी, 'हिला इंजिनिअरिंगला घालायचं तर पैसे कुठून आणायचे' म्हणून पोरीला घरी बसवत असतील, आणि फी माफ आहे!

बाकी छोट्या गोष्टी पटकन सांगते. एसटीचा विद्यार्थी मासिक पास दोनतृतीयांश सवलतीत मिळतो आणि पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना मोफत. महिलांना २०२३ पासून तिकीट निम्मं आहे. लाडक्या बहिणीचे दीड हजार ज्यांच्या अम्मीला येतात त्यांनी अम्मीला विचारा, त्यातले किती तिच्या हातात राहतात. आठवड्याच्या हप्त्याच्या मायक्रोफायनान्स गटातून लग्नासाठी कर्ज काढू नका. एका बाईचा हप्ता चुकला की गल्लीभर नाती तुटतात, हे मी पाहिलंय. आणि लग्नाचं? त्यावर आपल्या मंचावर इतकी भाषणं झाली आहेत की मी आणखी एक करणार नाही. निकाहला लागतात दोन साक्षीदार आणि मेहर. बाकीचं बिल कुणाच्या फीतून जाणार आहे ते वहीत आधी लिहा, मग हॉल ठरवा.

आपा आता अडुसष्टची आहे. मी तिला म्हटलं, आता तरी बारावीला बस, मुक्त विद्यालय आहे, मी फी भरते. तिनं मला वेड्यात काढलं. पण गेल्या ईदला गेले तेव्हा तिच्या नातीची अकरावीची पुस्तकं तिच्या उशाशी होती. म्हणाली, "नातीला शिकवते." नात स्वयंपाकघरातून ओरडली, "दादी, झूट मत बोलो!" मी काही विचारलं नाही.

बरं. बाहेर चहा झालेला दिसतोय. ज्यांच्या घरी आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला आहे आणि ओबीसी दाखला अजून काढलेला नाही, त्यांनी चहा घेऊन परत इथंच या. मी कोऱ्या वह्या आणल्या आहेत, प्रत्येकी एक घ्या. पहिल्या पानावर घरातल्या सगळ्यांची नावं लिहा, मुलींचीसुद्धा, आणि प्रत्येकापुढे या जूनमध्ये त्याला काय शिकायचं आहे ते त्यालाच विचारून लिहा.